शेखरनं पट्टा लावला नव्हता

“शेखरदादा, तू त्या दिवशी पट्टा काहून नाही लावला रे?”

प्रश्न एवढाच. पण तो शेखरच्या तोंडावर विचारून दाखवायची पैज लागली होती, आणि पैजेला मागं सरेल ती आचल कसली! निदान गेल्या दोन महिन्यांपासूनची आचल. त्याच्या आधीची आचल हजेरीला असं ‘हजर’ म्हणायची, की बाई दोनदा मान वर करून पाहायच्या, पोरगी आली आहे की नाही म्हणून. मग जानेवारीत नववीच्या वर्गात वक्तृत्व स्पर्धेचं पत्रक आलं. विषय होता ‘रस्ता सुरक्षा’. कोणीच नाव देईना, तेव्हा बाईंनी आचलचं नाव घातलं, तेही केवळ तिच्या घरी गाड्या बनतात म्हणून. ती उभी राहिली, तोंड उघडलं, आणि आवाज थेट मागच्या भिंतीला जाऊन भिडला. शाळेत पहिली. तालुक्यात पहिली. अमरावती जिल्ह्यात पहिली. आता सोमवारी अकोल्याला विभागाची फेरी होती आणि आचल रस्त्यानं एकटी चालतानासुद्धा हातवारे करत होती.

पैज घातली तिच्या मैत्रिणीनं, रागिणीनं, शाळेच्या फाटकाबाहेर, गिलावडा खाता खाता.

“स्टेजवर लय सांगून राहिली तू, शेखरनं हे नाही केलं, शेखरनं ते नाही केलं. त्याले सोताले जाऊन इचारशीन का?”

“इचारीन न. त्यात काय भेव?”

“हट्! तोंड शिवलं जाईन तुहं.”

“अन् तो जे सांगन ते भाषणात टाकजो,” पौर्णिमानं बोटं चाटत भर घातली. “परीक्षकच रडते का नाही पाय.”

हे मात्र आचलला पटलं. खरं सांगायचं तर पैजेपेक्षा हेच जास्त पटलं.

आचलचे बाबा गजेंद्र. बडनेरा रोडला त्यांची मोठी शेड. जुन्या जीपची चेसी घ्यायची, तिच्यावर लांब नाकाचं, गोल डोळ्यांचं, बिनटपाचं फायबरचं अंग चढवायचं, रंग मारायचा, की झाली साठ वर्षांपूर्वीची विलायती स्पोर्ट्स गाडी. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, एखाद्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातून आत्ताच सुटली. जवळ येऊन बोनेटवर टिचकी मारली तर डब्यासारखी वाजायची, पण लग्नात टिचक्या कोण मारतो? घोड्यावर बसणारे नवरदेव आता गजूभाऊंच्या गाडीवर बसत. गाडीवरच बसत, गाडीत नव्हे. सीटवर पाय ठेवायचे आणि मागच्या पाठीवर बूड टेकायचं, म्हणजे फेटा, हार, मुंडावळ्या चहूकडून दिसतात. दर्यापूर, परतवाडा, बाळापूर, कुठून कुठून मागणी असायची.

शेडमधली सगळी वेल्डिंग शेखर करायचा, आणि लग्नाला गाडी न्यायचीही त्यानंच. वय सव्वीस. नोव्हेंबरात अकोल्याच्या एका लग्नासाठी तो लाल गाडी घेऊन एकटाच निघाला. सकाळी दहाचं लख्ख ऊन. मूर्तिजापूरच्या अलीकडे तुरीतून एक रोही, भलीमोठी नीलगाय, उसळला आणि रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. शेखरनं गाडी वळवली, ती पुलाच्या कठड्याला धडकली, आणि तो काचेवरून उडून तुरीत जाऊन पडला. जीव वाचला. कमरेखालचं अंग मात्र गेलं. अमरावतीहून सर्वांत आधी पोचले ते गजूभाऊ, आणि पोलिसांनी विचारल्यावर त्यांनी सांगितलं, “पट्टा लावेल नोता त्यानं. हजार खेपा सांगतलं होतं.”

तेच पुढं आचलचं भाषण झालं. लिहायला बसली तेव्हा तिला सुरुवातच सुचत नव्हती. बाबांनी वही ओढून घेतली होती आणि स्वतः एक वाक्य लिहून दिलं होतं. ती त्या वाक्यापाशी आली की आवाज खाली आणायची. “मित्रांनो, एक ‘खट्’! फक्त एवढा आवाज झाला असता, तर आज शेखर आपल्या पायांवर उभा असता. पण... शेखरनं पट्टा लावला नव्हता.” मग मनात एक, दोन मोजायचं. टाळ्या तिसऱ्याला सुरू व्हायच्या. जिल्ह्याच्या फेरीला बाबा पहिल्या रांगेत बसले होते आणि रुमालानं डोळे पुसत होते. आचलला तेव्हा वाटलं होतं, असा बाप साऱ्या वर्गात कोणाला नाही.

तर शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिघी सायकली हाणत वलगाव रोडला शेखरच्या घरी पोचल्या. घरामागं फुलांचा मळा. ओसरीवर शेखरची आई, पार्बताबाई, झेंडूच्या ढिगात बसून हार ओवत होती. दाराशी बाजेवर उशांना टेकून शेखर. त्याचे हात वेल्डिंगवाल्याचे तसेच्या तसे होते, दणकट, डागांचे. चादरीखाली पाय होते म्हणून चादर उंच होती, एवढंच.

“या वं, भाषणवाली बाई!” तो तिथूनच ओरडला. “आता तुयाशी बोलाले तारीख घ्या लागन काय?”

“लागनच. सोमवारी अकोला आहे.”

“पायजो, अकोल्याच्या पोट्ट्या लय तिखट असते.”

सगळे हसले. पार्बताबाईनं गूळ-पाणी ठेवलं. आचलनं एकदा रागिणीकडे पाहिलं, रागिणीनं भुवई उडवली, आणि आचलनं तो प्रश्न विचारून टाकला. स्टेजवर विचारावा तसा, खणखणीत.

पार्बताबाईची सुई फुलातच थांबली.

शेखर हसला. “आठवतच नाही न मले. रोही आठवते. त्याचे कान आठवते, असे उभे. मंग एकदम दवाखान्याचा पंखा. गजूभाऊ म्हणते नाही लावला, तर नसन लावला.” मग तो आचलकडे वळला. “तुहा व्हिडिओ पाह्यला म्या. चांगलं बोलतं तू. आईले म्हटलं, पाय, पोट्टी खरंच बोलून राहिली. एवढा मोठा घोडा झालो, अन् एक खट् नाही करता आलं मले.”

“दहा खेपा पाह्यला अन् दहाबी खेपा रडला,” पार्बताबाई म्हणाली. “हे नाही सांगत तो.”

“आई!”

“गप ऱ्हाय. तिनं इचारलं न? मंग आयकू दे तिले.” ती उठली, बाजेपाशी आली, आणि लहान लेकराचा वर करावा तसा त्यानं घातलेला बनियन वर केला. “हे पाय, बाई.”

उजव्या खांद्यापासून डाव्या बरगडीपर्यंत, छातीवरून तिरपा, काळपट पट्टा होता. तीन बोटं रुंद. कातडी तिथं गुळगुळीत होऊन चकाकत होती.

“पह्यल्या दिवशी आंग पुसता पुसता दिसलं मले. सोलून निंगेल होतं सारं. नर्सबाई म्हणे, मावशी, हा गाडीच्या पट्ट्याचा वळ हाय. आता तू शिकेल हायेस, तू सांग. पट्टा लावलाच नाही, तर वळ कायचा?”

“तुमी... कोणाले सांगतलं का हे?”

“तुया बापाले सांगतलं. थे म्हणे, पार्बताबाई, ईस्टेरिंगचं लागलं आसन.”

“आसनच,” शेखर बनियन खाली ओढत म्हणाला. “तू काय डाक्टर हायेस? भाऊ खोटं कायले सांगन? दवाखान्यात तीन रात्री बसेल होता तो माझ्याजवळ.”

स्टेअरिंग गोल असतं. छातीवरची रेघ सरळ होती. हे कळायला नववीची भूमितीसुद्धा लागत नाही. आचलनं उचललेला गूळ परत जागेवर ठेवला.

परतताना नाक्यावर आल्यावर पौर्णिमा हळूच म्हणाली, “हे भाषणात नोको टाकू वं.”

रागिणीनं पैजेचं नावसुद्धा काढलं नाही.

शनिवारी दुपारी आचल शेडवर गेली. बाबा परतवाड्याच्या पार्टीला नव्या गाडीच्या रंगाचे फोटो दाखवायला गेले होते. आत क्रीम रंगाची नवी गाडी उभी होती आणि धर्मपालकाका तिच्या दाराला आतून राळ लावत होते. साठीचा माणूस, साऱ्या शेडमध्ये फायबरचा हात त्यांचाच. त्या वासानं आचलच्या डोळ्यांत नेहमी पाणी यायचं, त्या दिवशी बरंच झालं.

ती मागच्या बाजूला गेली. ताडपत्रीखाली लाल गाडी होती. चार महिने तिच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. ताडपत्रीवर पाला, पाल्यावर मांजर. तिनं मांजर हाकललं आणि ताडपत्री ओढली.

नाक चेचलं होतं, काच नव्हती. चालकाच्या सीटशेजारी, खाली, पट्ट्याचं कुलूप होतं. त्या कुलपात पट्ट्याची जीभ घुसलेली होती. घट्ट. आचलनं लाल बटण दाबलं नाही. तिनं पट्टा हातात धरला आणि हळूहळू दुसऱ्या टोकाकडे गेली. ते टोक कुठंही जोडलेलं नव्हतं. टोकाला बोल्ट होता, बोल्टाला वायसर, आणि वायसरला घट्ट चिकटून ताटलीएवढा लाल फायबरचा तुकडा. सीटच्या मागच्या बाजूला तेवढंच भगदाड. तुकडा तिथं लावून पाहिला तर कडेला कड बसत होती.

म्हणजे ‘खट्’ झाला होता. पट्टाही धरून राहिला होता. ज्याला तो बांधला होता, तेच निघून आलं होतं.

तिनं फोटो काढले. एखादा हलला असेल म्हणून दोन-दोनदा काढले.

“कायले उघडलं वं ते?” धर्मपालकाका मागं येऊन उभे होते. “बुधवारी भंगारवाला नेऊन राहिला थे.”

“काका, हा पट्टा फायबरले काहून मारेल आहे?”

काकांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग हातातल्या ब्रशकडे. “पहिले नोता. शेखरनं मागून कमान टाकेल होती. दोन इंची पाइप, थेट चेसीवरून वर आणेल, अन् पट्टा तिले. थो म्हणे, काका, उघडी गाडी हाय, उलटली तर माणसाचं डोकं वाचलं पाह्यजे. मंग एका पार्टीचं लगन झालं. नवरदेवाले टेकाले होत नाही म्हणे, कमान पाठीत रुतते, अन् फोटोत पिंजऱ्यातला पोपट दिसते. झालं. तुया बाबानं कापाले लावली.”

“कोणाले?”

“शेखरलेच. वेल्डिंगवाला अजून कोण होता इथं?”

आचलनं पट्ट्याचं सुटलेलं टोक वर धरलं.

“अन् पट्टा?”

“पट्टा दिसाले तर पाह्यजे. मंग मारला फायबरले. भाऊ म्हणे, सध्या राहू दे, सीझन झाला का पाहू. आता सीझन काय, एक झाला का दुसरा लागते.”

“म्हणजे तुमाले मालूम होतं.”

“मालूम कोणाले नोतं? शेखरलेबी होतं.”

“तरी लावला त्यानं?”

“सवय होती त्याले. खट् केल्याबिगर चाबीच नाही फिरवे.”

आचल आत आली. क्रीम रंगाच्या नव्या गाडीत वाकून तिनं सीटमागचा पट्टा धरला आणि पाय टेकून जोरात ओढला. अख्खी पाठ बोटभर पुढं आली आणि सोडल्यावर ‘डुब्’ करून जागेवर गेली.

“हळू वं!” धर्मपालकाका ओरडले. “रंग वला हाय!”

रविवारी दुपारी जेवणं झाली. बाबा खुशीत होते. परतवाड्याच्या पार्टीनं क्रीम रंग पास केला होता. त्यांनी अंगणात खुर्ची टाकली आणि तिच्यात परीक्षकासारखे बसले.

“चाल, म्हणून दाखव. उद्या सहाची बस हाय. शकुन, ये वं तूबी, पोट्टीचं भाषण आयक.”

आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

आचलनं सुरुवात केली. सन्माननीय परीक्षक, वंदनीय गुरुजन. आवाज पहिल्यासारखाच लागला, शेजारच्या गच्चीवरची काकू वाकून पाहू लागली. आचल ‘मित्रांनो, एक खट्’पाशी आली. आवाज खाली आणला.

“पण... शेखरनं पट्टा लावला होता.”

“चुकली,” बाबा म्हणाले. “नव्हता. परत घे.”

“नाही चुकली, बाबा.” तिनं फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. “पाहा.”

बाबांनी फोटो पाहिला. एकच. दुसरा पाहायला त्यांनी बोट हलवलं नाही.

“कोणं सांगतलं तुले तथी जाले?”

“कोणंच नाही. पट्टा अजून कुलपात आहे. अन् दुसऱ्या टोकाले तुमचं फायबर आहे.”

“हळू बोल,” आई म्हणाली. “गच्चीवर...”

“मले आता हळू बोलता येत नाही, आई. तुमीच शिकवलं.”

बाबा उठले, फाटक लोटून आले, पुन्हा बसले. बोलले तेव्हा आवाज दमलेला होता. “म्या मुद्दाम केलं काय? पोरासारखा होता थो माह्या. वाटलं, चार लग्नं निंगून जाऊ दे, मंग नीट करू. रोही काय सांगून येते?”

“मंग तसंच सांगायचं होतं न.”

“सांगून त्याचे पाय येतीन? बोल न! येतीन?”

“पाय नाही येणार. पण तो रोज सोताले शिव्या देऊन राहिला, थे बंद होईन. तो म्हणते, भाऊ खोटं कायले सांगन. माझा व्हिडिओ पाहून रडते तो, बाबा. दहा खेपा पाह्यला त्यानं.”

बाबांची मान खाली गेली. आचलला वाटलं, आता म्हणतील, आता म्हणतील चूक झाली. तिनं मनातल्या मनात मोजलंही, एक, दोन.

“सात घरं चालते त्या शेडवर,” आई मध्येच बोलली. “धर्मपालचं चालते, आपलं चालते. एका शब्दानं कुलूप लागन.”

“तुले मालूम होतं?”

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळून सोडलं. “त्या दिवशी घरी आले तं हात कापत होते यांचे. ग्लास धरता येईना. म्या काय म्हणू तवा?”

“तवा नोको म्हणू. पण अजून तसाच पट्टा मारून राहिले हे नव्या गाडीले! म्या ओढून पाह्यला. परतवाड्याचा माणूस बसन तिच्यात, त्याची बायको बसन!”

“बस् झालं आता,” बाबा म्हणाले, आणि वर पाहिलं. डोळे लाल होते, पण आवाजात आता दुसरंच काही आलं होतं. “वाक्य म्या देल्लं, खरं हाय. टाळ्या कोणं घेतल्या? शिल्डं कोणं आणले घरात? नाचत नाचत आली होती न तू? आता एकटा मीच वाईट?”

हे बरोबर वर्मी बसलं, कारण ते खरं होतं. बाबांना तिचा आवाज हवा होता, आणि तिला बाबांचं वाक्य. टाळ्या तिसऱ्याला पडतात हे तिनं स्वतः शोधून काढलं होतं. शेखरच्या पायांवर उभी राहून ती तीन ठिकाणी पहिली आली होती. आणि बाबांनी डोळे पुसले होते ते कशासाठी, हे आता विचारायची गरजच उरली नव्हती.

गच्चीवरची काकू अजून उभीच होती. आचल रडली, पण आवाज मोडला नाही.

“नाही बाबा, तुमी एकटेच नाही. म्हणूनच सांगून राहिली. आत्ता मी शेखरदादाकडे जाऊन राहिली. त्याले पह्यले सांगीन, तुह्यी चूक नोती, तू पट्टा लावेल होता, अन् माझं भाषण खोटं होतं. उद्या सहाच्या बसनं जाईन, पण अकोल्यापर्यंत नाही. मूर्तिजापूरले उतरीन. पार्बतामावशी आली तर तिच्यासंगं, नाही आली तर एकटी. ठाण्यात सांगीन, पट्टा लावेल होता, कमान कापेल होती, अन् कोणं कापाले लावली. फोटो रागिणीले पाठवून झाले, म्हणून बुधवारच्या भंगारवाल्याची वाट नोका पाहू. बाईंले फोन करून माझं नाव स्पर्धेतून काढाले सांगतलं आहे. आई, मले थांबवू नोको. बाबा, तुमाले संगं याचं असन तर बस सहाची आहे. नसन याचं, तरी मी जाऊन राहिली.”